दुधाचा लिटर, मटणाचा किलो

"आमच्या घरी मांस शिजतच नाही, मग पर्यावरणासाठी आम्ही आणखी काय सोडायचे?" हा प्रश्न अलीकडे पुष्कळ मराठी घरांतून, आणि बहुधा शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांच्या तोंडून ऐकू येतो, आणि ज्या घरी दर रविवारी मटणाचा रस्सा होतो तेथे त्याचेच दुसरे रूप असे असते की, आपण चार माणसांनी आठवड्याचे एक जेवण बदलले तर एवढ्या मोठ्या आभाळाला त्याचे काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, आणि उपदेशापेक्षा हिशेबानेच त्यांचे समाधान होण्यासारखे आहे.

हिशेबाला बसण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा करणे अगत्याचे वाटते. शाकाहार आणि मांसाहार यांच्यामधली जी रेघ आपल्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे, ती सोवळ्या-ओवळ्याने, व्रतवैकल्यांनी आणि पुष्कळदा जातीच्या अभिमानाने आखलेली आहे. तिच्या एका बाजूस उभे राहून दुसऱ्या बाजूच्या ताटाकडे तुच्छतेने पाहण्याची खोडही तिच्याबरोबरच वाढली. हवामानाला ही रेघ ठाऊक नाही. एक घास तयार होण्यासाठी किती जमीन गुंतली आणि किती वायू वर गेला, एवढीच नोंद तेथे होते. आणि त्या नोंदीवरून जी रेघ निघते ती आपल्या परिचयाच्या रेघेला अनेक ठिकाणी छेदून जाते. ती कोठे छेदते हे दाखविणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

१. जनावराच्या शरीराची जकात

प्रथम जमिनीचा विचार करू. पूर्वी गावोगावच्या वेशीवर जकातीची नाकी असत, आणि मालाची गाडी जितकी नाकी ओलांडी तितका माल मुक्कामी पोहोचेपर्यंत महाग होत जाई. अन्नाचेही तसेच आहे. शेतातला हरभरा सरळ आपल्या ताटात आला तर त्यातील बहुतेक सगळी शक्ती आपल्याला मिळते. परंतु तेच धान्य जनावराच्या शरीरातून फिरून आले, तर जनावर स्वतःच्या देहाची ऊब राखण्यासाठी, चालण्या-फिरण्यासाठी, हाडे, कातडे आणि पिसे घडविण्यासाठी आपली जकात आधी वसूल करते आणि उरलेला भाग मांस, दूध किंवा अंडे या रूपाने आपल्या हाती देते. निसर्गातील अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ढोबळ मानाने एक-दशांश शक्तीच पोहोचते, असा सिद्धान्त रेमंड लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये मांडला होता. माणसाने निवड करून वाढविलेल्या कोंबडीची जकात यापेक्षा पुष्कळ कमी असते, कारण पोल्ट्रीतील कोंबडी दोन किलोंच्या आतबाहेर खाद्यात एक किलो वजन धरते. गोमांसासाठी पोसलेल्या गुरांची जकात मात्र फारच जबर असते.

जगाच्या पातळीवर ही जकात एकूण किती होते याचा सर्वांत व्यापक अभ्यास ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेसेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून त्यांनी असे दाखविले की, मांस, दूध, अंडी आणि मत्स्यशेती यांच्याकडून मानवजातीला १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिने मिळतात. पण त्यासाठी कुरणे आणि चाऱ्या-खाद्याची शेते धरून एकूण शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन गुंतलेली असते. ज्या जमिनीवर जंगल राहू शकले असते किंवा पुन्हा वाढू शकले असते, अशी फार मोठी जमीन या ८३ टक्क्यांत आहे. ॲमेझॉनच्या अरण्याचा जो भाग गेल्या काही दशकांत तुटला त्याचा सर्वांत मोठा हिस्सा गुरांच्या कुरणांखाली गेला आहे.

आपल्या मराठवाड्या-विदर्भातही या व्यवहाराचा एक दुवा सापडतो. तेथे खरिपात मैलोगणती दिसणारे सोयाबीन हे एक उत्तम कडधान्य आहे. परंतु तेल काढून घेतल्यावर उरणारी प्रथिनयुक्त पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि तेथली जकात भरून मगच माणसाकडे येते.

२. रवंथ करणारे आणि न करणारे

जमिनीनंतर वायूचा विचार करावयाचा. आणि येथे सगळी जनावरे सारखी नाहीत, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही तर पुढचा हिशेब चुकतो.

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ही रवंथ करणारी जनावरे होत. गवत आणि कडबा यांतील जो चिवट तंतू माणसाला पचत नाही तो त्यांना पचतो, कारण त्यांच्या चार कप्प्यांच्या जठरातील पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव तो तंतू कुजवून विघटित करीत असतात. हे काम प्राणवायूविना चालते आणि त्यातून मिथेन हा वायू निर्माण होतो. तो जनावराच्या शेपटीकडून बाहेर पडतो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याचा फार मोठा भाग ढेकरांच्या वाटे तोंडातून बाहेर पडतो. कोंबडी आणि डुक्कर यांच्या पोटात असा कप्पा नसतो, आणि म्हणून त्यांच्या पचनातून मिथेन जवळजवळ निघत नाही; त्यांचा भार मुख्यतः खाद्याच्या शेतीचा आणि विष्ठेचा असतो.

मिथेनला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. वजनास वजन धरले, तर शंभर वर्षांच्या मुदतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ करतो आणि वीस वर्षांच्या मुदतीत सुमारे ८० पट. मात्र कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत टिकून राहतो, तर मिथेन सरासरी बारा वर्षांत विरून जातो. याचाच व्यावहारिक अर्थ असा की, मिथेन आज कमी केला तर त्याचा लाभ आपल्या नातवंडांची वाट न पाहता आपल्याच हयातीत दिसू लागतो. आणि प्रस्तुत लेखकाला या सगळ्या विषयात सर्वांत आशादायक वाटणारी बाब हीच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली केलेल्या हिशेबाप्रमाणे मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या तापवायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुपालनाचा होता, आणि त्यात सुमारे चार-दशांश भाग एकट्या रवंथाचा होता.

३. एका आठवड्याचा जमाखर्च

आता दोन घरांचा आठवडा मांडून पाहू. हिशेबासाठी पूर आणि नेमेसेक यांच्या जागतिक सरासऱ्या घेतल्या आहेत. सर्व वायूंचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या वजनात बदलून सांगण्याचा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे एक किलो मटणामागे सुमारे ४० किलो, कोंबडीमागे १०, अंड्यांमागे पावणेपाच, एक लिटर दुधामागे ३.१५ आणि एक किलो कडधान्यामागे पावणेदोन किलोंच्या आसपास भार पडतो.

पहिल्या घरी आठवड्याला एक किलो मटण येते, आणि चहापुरते रोज अर्धा लिटर दूध लागते. मटणाचे ४०, साडेतीन लिटर दुधाचे ११. एकूण ५१ किलो.

दुसऱ्या घरी मांस वर्ज्य आहे. पण दही, ताक, मुलांचे दूध, चहा-कॉफी मिळून रोज दोन लिटरांचा रतीब आहे, आणि आठवड्यातून एकदा अर्धा किलो पनीर आणले जाते, ज्याला अदमासे अडीच लिटर दूध आटते. रतिबाच्या १४ लिटरांचे ४४, पनीराचे ८. एकूण ५२ किलो.

भात, भाकरी, भाजी दोन्हीकडे सारखीच धरली आहे. एका घराला आपण मांसाहारी म्हणतो, दुसऱ्याला शुद्ध शाकाहारी म्हणतो, आणि हवामानाच्या खातेवहीत दोघांच्या नावे जवळजवळ तीच रक्कम पडते. पहिल्या घराने मटणाऐवजी कोंबडी आणली तर ३० किलो वाचतात, मटकीची किंवा वालाची उसळ केली तर ३८. दुसऱ्या घराने आपला रतीब निम्म्यावर आणला तर २२ वाचतात. प्रथिनांच्या हिशेबाने पाहिले तर हा छेद अधिकच ठळक होतो: दुधातून मिळणाऱ्या १०० ग्रॅम प्रथिनांमागे साडेनऊ किलो, कोंबडीतून मिळणाऱ्यांमागे ५.७, अंड्यांमागे ४.२, आणि कडधान्यांमागे एक किलोपेक्षाही कमी. मटणाचा आकडा सुमारे २० आहे, आणि केवळ मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या मांसाचा ५०. तेव्हा मटण सोडून त्याच्या जागी पनीर आणणारे घर आपल्या समजुतीइतके पुढे गेलेले नसते.

या मांडणीत मासळीला आकडा दिलेला नाही, कारण पूर-नेमेसेक यांच्या अभ्यासात मासळी मत्स्यशेतीपुरतीच होती, समुद्रात धरलेली नव्हती. तरी एवढे सांगता येते की, किनाऱ्याजवळ थव्यांनी फिरणारा बांगडा किंवा तारली जाळ्यात घेण्यास इंधन थोडे लागते, आणि तळ खरवडीत दूरवर फिरणाऱ्या ट्रॉलरच्या कोळंबीला पुष्कळ लागते. कोकणातले जे घर भात, कुळथाचे पिठले आणि आठवड्यातून दोनदा बांगडा यांवर राहते, त्याचा भार पनीर-खव्यात रमलेल्या शहरी शाकाहारी घरापेक्षा हलका असण्याचा पुरेपूर संभव आहे.

४. परदेशचे आकडे आणि आपला गोठा

वरील सरासऱ्या जगाच्या आहेत, आणि त्या जशाच्या तशा आपल्या गोठ्याला लावणे न्यायाचे होणार नाही. आपली जनावरे दूध कमी देतात; म्हणून एका लिटरामागे मिथेन जास्त पडतो. उलट पक्षी ती बहुतांशी ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, उसाचे वाढे आणि बांधावरचे गवत खाऊन राहतात, म्हणजे माणसाला निरुपयोगी असलेल्या जिनसांचे अन्न करतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी जमीन फारशी राखावी लागत नाही. माळरानावर चरणारी भूमिहीन बाईची शेळी आणि अरण्य तोडून केलेल्या कुरणातला ब्राझीलचा बैल यांना एकाच तराजूत घालणे चुकीचे आहे. शेणाचे खत आणि बैलाचे श्रम हेही जमेच्याच बाजूस धरले पाहिजेत. परंतु पश्चिम महाराष्ट्रात जेथे संकरित गाईंसाठी बागायती जमिनीत हिरवा चारा घेतला जातो आणि सरकी पेंड व मका विकत आणला जातो, तेथे ही जमेची बाजू पुष्कळच आखडते.

संख्येचा दाखलाही विसरता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल, सुमारे ११ कोटी म्हशी आणि जवळजवळ १५ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या. दूध-उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि २०२२-२३ मध्ये ते २३ कोटी टनांपर्यंत पोहोचले. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या २०१६ च्या ताळेबंदात देशाच्या एकूण तापवायूंपैकी सुमारे १४ टक्के शेती-पशुपालनाचे होते, आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या रवंथाचा होता. आपल्या देशात मांस इतर देशांच्या मानाने थोडे खाल्ले जाते. तेव्हा हा रवंथ मुख्यतः दुधासाठी चाललेला आहे, हे मान्य करणे भाग आहे.

दुधाचा आणि मांसाचा संबंध आणखी एका बाजूने येतो. दूध हवे असेल तर जनावर व्यायले पाहिजे, आणि ते व्यायले म्हणजे निम्म्या वेळा नर जन्मास येणार. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज घटली. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंच्या कत्तलीस २०१५ पासून बंदी आहे, म्हशीला मात्र ती लागू नाही. आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे. आपल्या पेल्यातील दूध आणि परदेशी जाणारे ते मांस एकाच गोठ्यातून निघालेले असतात. दूध घेणाऱ्या कुटुंबाला हे सांगण्यात दूषण देण्याचा हेतू नाही. पण मांस आणि दूध यांची खाती वेगळी ठेवता येत नाहीत, हे त्याला ठाऊक असावे.

५. दोन आनुषंगिक शंका

"गावचेच मटण घेतले, लांबून आणलेले नाही, तर?" असे विचारले जाते. अन्नाच्या एकूण भारात वाहतुकीचा हिस्सा सुमारे ६ टक्केच असतो. विमानाने आणलेल्या नाशवंत फळा-भाज्यांचा अपवाद सोडला, तर काय खाल्ले याला कोठून आणले यापेक्षा फार अधिक वजन आहे.

दुसरी शंका भाताविषयी असते, आणि ती रास्त आहे. पाणी साठवलेल्या खाचरातील चिखलात प्राणवायूविना तसाच मिथेन तयार होतो. म्हणून एक किलो तांदळाचा भार साडेचार किलोंच्या घरात जातो. खाचर अधूनमधून सुकू दिले तर तो बराच उतरतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना साचलेले पाणी लागत नाही.

६. पोषणाची बाजू

जे कुटुंब पर्यावरणासाठी ताट बदलू पाहते त्याने शरीराचा हिशेबही तितक्याच काळजीने मांडला पाहिजे. नाहीतर वर्षभरात थकवा, केसगळती, मुलांचे घटलेले वजन अशा तक्रारी येतात आणि चांगला संकल्प बरखास्त होतो.

प्रथिनांची चिंता सर्वांत जास्त केली जाते, पण ती सर्वांत सहज सुटणारी आहे. धान्यातील प्रथिनात जे घटक उणे असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत जे उणे ते धान्यात. वरण-भात आणि झुणका-भाकर या जोड्या आपल्या पूर्वजांनी अनुभवाने बसविल्या त्या रसायनशास्त्राच्या कसोटीसही उतरतात. मात्र डाळ पुरेशी हवी, पळीभर पातळ आमटीने ते काम होत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी हा मोठा आधार आहे: तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या तितक्याच वजनात सुमारे १२०. धान्यातील कॅल्शियम दुधातल्याइतके सहजी शोषले जात नाही; तरी नाचणीला मोड आणल्याने ते अधिक मिळते, आणि जोडीला तिळाची चटणी व राजगिऱ्याचे लाडू आहेतच. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळण्याची रीत शास्त्रशुद्ध आहे, आणि जेवणाबरोबर चहा घेण्याची रीत तिच्या अगदी विरुद्ध.

बी-१२ या जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे कोणतीही तडजोड करता कामा नये. ते वनस्पतीत मिळत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अनेक वर्षे जो अभ्यास केला, त्यात दूध-दही खाणाऱ्या समाजातही या जीवनसत्त्वाची उणीव किती पसरलेली आहे हे दिसून आले. दूधही सोडणाऱ्याने बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले अन्न नियमाने घेतलेच पाहिजे. गरोदरपणात, अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलांच्या बाबतीत हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करूच नये.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्टपणे बजावून सांगावीशी वाटते. ज्या घरात पोटभर डाळ मिळण्याची भ्रांत आहे, ज्या पाड्यावरचे मूल कुपोषणाच्या यादीत आहे, त्यांच्या ताटातील अंडे किंवा सुकट हवामानाच्या नावाने काढून घेणे हा अन्याय आहे. एका अंड्याचा भार पाव किलोच्या आतला आहे. हे प्रकरण निवड करण्याची ऐपत असलेल्या घरांसाठी लिहिले आहे.

७. घर बदलते ते कसे

ब्रिटनमध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांच्या आहाराचा अभ्यास पीटर स्कारबरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. भरपूर मांस खाणाऱ्याच्या रोजच्या २,००० उष्मांकांच्या आहारामागे ७.२ किलो भार पडतो, थोडे मांस खाणाऱ्यामागे ४.७, मासे खाणाऱ्यामागे ३.९, शाकाहाऱ्यामागे ३.८ आणि दूधही वर्ज्य करणाऱ्यामागे २.९ असे त्यांना आढळले. हे आकडे निरखून पाहिले तर दिसेल की, सर्वांत मोठी उतरण पहिल्याच पायरीवर, म्हणजे भरपुरावरून थोड्यावर येताना होते. म्हणून घरातील एकाने सर्वस्वी त्याग करून इतरांशी रोज भांडण मांडण्यापेक्षा सगळ्यांनीच अर्धा बदल स्वीकारणे, हा मार्ग हिशेबानेही अधिक लाभाचा आहे आणि घराच्या शांततेलाही मानवणारा आहे.

अशा बदलासाठी आपल्याकडे मुद्दाम नवे पदार्थ शिकण्याची जरुरी फारशी नाही. श्रावण पाळणारी हजारो मांसाहारी घरे दरवर्षी महिनाभर हे करतातच. त्यांनी तोच शिरस्ता पुढे आठवड्यातील काही वारांना लावला तरी पुष्कळ झाले. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही न खाण्याचा जो नेम आहे, त्यात तर जनावराकडून आपण काय घेतो याची जाणीव परंपरेनेच जपून ठेवली आहे. पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, डाळिंबी उसळ, थालीपीठ, कारळ्याची आणि जवसाची चटणी, नारळाच्या दुधातली सोलकढी, फणसाची भाजी: यांत दुधाचा थेंब नाही आणि उणेपणही नाही. सणाच्या गोडासाठी नारळाचे दूध आणि गूळ घातलेल्या खिरी कोकणात व गोव्यात पूर्वापार होत आल्या आहेत. बाजारातील तयार जिन्नस घेताना २०२२ च्या नियमांनी ठरविलेले वनस्पतिजन्य अन्नाचे वेगळे चिन्ह पाहावे, कारण नेहमीचा हिरवा ठिपका दूध असलेल्या पदार्थांवरही असतो.

दुधाच्या बाबतीत क्रम लावावयाचा झाला, तर प्रथम पनीर, खवा आणि विकतची मिठाई कमी करावी, कारण त्यांत थोड्या वजनात पुष्कळ दूध आटलेले असते. मग दह्याच्या जागी कधी शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे दही लावून पाहावे. आणि आजी-आजोबांच्या चहाला सर्वांत शेवटी हात लावावा, किंवा लावूच नये. आहारशास्त्रज्ञ आणि पर्यावरणशास्त्रज्ञ यांच्या ईट-लॅन्सेट आयोगाने २०१९ मध्ये सुचविलेल्या आहारात माणशी रोज २५० ग्रॅम दूध धरले होते, आणि शून्यापासून ५०० पर्यंत मोकळीक ठेवली होती. चार माणसांच्या घराला रोज एक लिटर हे त्यातले मधले माप झाले.

दोन लिटरांचा रतीब एकावर आणणाऱ्या घराचे वर्षाला ३६५ लिटर दूध वाचते, आणि सुमारे साडेअकराशे किलो भार टळतो, म्हणजे जवळजवळ पाचशे लिटर पेट्रोल न जाळण्याइतका. गवळ्याचे त्यात नुकसान आहे, हे लपविण्याचे कारण नाही. कोरडवाहू भागात हातात रोख पैसा आणणारा दुधासारखा दुसरा व्यवहार थोडाच आहे. म्हणून दुधावरच्या वाचलेल्या रकमेची तजवीज आधीच करून ठेवावी, आणि कुळीथ, मटकी, तूर, नाचणी हा वर्षाचा भरणा हंगामात थेट शेतकरी गटांकडून, व्यापाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घ्यावा.